अनोळखी भागांची ओळख: जुनं ड्रिल मशीन घरी आणून बसलेल्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

प्रस्तावना

नवं कोरं, खोक्यातून काढलेलं, पुस्तिका आणि वॉरंटी कार्ड सोबत असलेलं ड्रिल मशीन ज्यांच्या घरी आहे, त्यांनी इथूनच मागे फिरावं. ही मार्गदर्शिका बाकीच्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांनी बंद पडलेल्या एखाद्या कारखान्याच्या लिलावात किंवा भंगाराच्या वखारीत, किलोच्या भावानं, बिडाचं एक उभं धूड विकत घेतलं. ते घरापर्यंत आणायला टेम्पो आणि हमाल यांच्यावर मशीनपेक्षा जास्त खर्च केला. आणि आता त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले आहेत.

अशा खरेदीत मशीनसोबत एक पोतं येतं. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं असतं आणि भंगारवाले चाचा निघताना सांगतात, "ये भी उसीका है, साब." हे विधान पूर्ण खरं नसतं आणि पूर्ण खोटंही नसतं. ते कितपत खरं आहे हे शोधून काढणं हाच या अभ्यासक्रमाचा विषय.

अभ्यासक्रमाचं सूत्र एकच आणि ते आत्ताच पाठ करावं: भाग कुठे झिजला आहे ते आधी पाहा, त्याचं नाव नंतर विचारा. नावं सांगणारे पुष्कळ भेटतील आणि प्रत्येक जण वेगळं सांगेल. झीज मात्र कोणाच्याही सांगण्यावरून बदलत नाही. ज्या जागी दुसरा भाग घासला ती जागा चकाकते, आणि त्या चकाकीत तो भाग काय काम करत होता ते लिहिलेलं असतं.

साहित्य

रॉकेल, न मिळाल्यास डिझेल (दोन्ही विस्तवापासून लांब). सुती चिंध्या. दात घासायचा जुना ब्रश. भिंग, बॅटरी, चुंबक. फोटो काढण्यापुरता मोबाइल. एक वही.

हातोडी या यादीत नाही. घरात असेल तर ती शेजाऱ्यांकडे ठेवायला द्यावी. लागेल तेव्हा मागून आणता येते, आणि मागायला जाईपर्यंत निम्म्या वेळा मोह ओसरतो. पोलाद घाव सोसतं, फार तर वाकतं. बीड वाकत नाही, तडकतं. आणि तुमच्या मशीनचा खांब सोडला तर नजरेत भरणारं जवळजवळ सगळं बीडच आहे.

पायरी पहिली: कुळ ठरवा

पोत्यात हात घालण्याआधी उभ्या यंत्राचं कुळ ठरवावं. ढोबळमानानं तीन घराणी आढळतात.

भिंतीवर किंवा खांबावर आवळलेलं, हातानं दांडा फिरवून चालवायचं, जड गतिचक्र असलेलं यंत्र लोहाराचं. अमेरिकेत याला पोस्ट ड्रिल म्हणत. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरची 'चॅम्पियन ब्लोअर अँड फोर्ज' ही कंपनी भट्टीच्या भात्यांबरोबर अशी यंत्रंही बनवायची.

दुसरं घराणं उंच, पाठीला बाक आलेलं, सपाट चामडी पट्ट्यावर चालणारं. या बाकावरूनच त्याला इंग्रजीत 'कॅमलबॅक' म्हणजे उंटपाठी म्हणतात. त्याच्या काळी प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर नसे. छताखालून एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून एकेका यंत्राकडे पट्टा उतरायचा. विलायती आणि अमेरिकी बनावटीची अशी यंत्रं आपल्याकडच्या गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या वर्कशॉपांतही आली.

तिसरं घराणं त्यामानानं अलीकडचं: व्ही-बेल्ट, पायऱ्यापायऱ्यांच्या पुल्या, पाठीवर मोटर. मिलवॉकीची डेल्टा, न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डची वॉकर-टर्नर, इंग्लंडातल्या फोबको आणि मेडिंग्ज ही यातली नामांकित मंडळी.

चौथं घराणं कोणत्याही कॅटलॉगमध्ये नाही, पण आपल्या नशिबी बहुधा तेच येतं: खांब एकाचा, टेबल दुसऱ्याचं, आणि मोटर बसवायला मागे लोखंडी अँगल वेल्ड केलेला. अशा यंत्राच्या बाबतीत खचून जाऊ नये. त्याचे अनोळखी भाग त्याच्या स्वतःलाही अनोळखी असतात, एवढं लक्षात ठेवून पुढे जावं.

पायरी दुसरी: आकडे वाचा, पण सगळ्यांवर विश्वास ठेवू नका

मशीनवर आकडे सापडले की नवशिक्याला हर्ष होतो. तो आवरावा. ओतकामातच उमटलेले, उठावदार आकडे हे बहुतेक वेळा साच्याचे असतात. ते त्या एका भागाची ओळख सांगतात, मशीनचं मॉडेल नव्हे. पंचानं ठोकलेले, खोल गेलेले आकडे अनुक्रमांकाचे असू शकतात. आणि पांढऱ्या रंगानं, ब्रशनं लिहिलेला मोठा आकडा हा जुन्या मालकाच्या मालमत्ता-नोंदीचा किंवा लिलावातल्या लॉटचा. त्या आकड्यावरून सुटे भाग मागवणारे लोक आहेत. त्यांना अजून उत्तर आलेलं नाही.

अमेरिकी मशीनच्या नावाच्या पट्टीवर पेटंटचा क्रमांक असेल तर तो सोन्याचा. अमेरिकी पेटंटांची मोजणी १९११ साली दहा लाखांवर, १९३५ साली वीस लाखांवर आणि १९६१ साली तीस लाखांवर पोचली. तुमचा क्रमांक वीस लाखांच्या थोडा पुढचा असेल, तर मशीन १९३५ च्या आधीचं नाही हे पक्कं. किती नंतरचं, हे मात्र तो आकडा सांगत नाही. "शंभर वर्षं जुनं आहे, साब" या वाक्याची परीक्षा यावर होऊन जाते.

कॅटलॉगमध्ये "चौदा इंची" असं लिहिलं असलं तर फूटपट्टी घेऊन चौदा इंच शोधत बसू नये. तो आकडा म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून खांबाच्या कडेपर्यंतच्या अंतराची दुप्पट. चौदा इंच व्यासाच्या चकतीच्या बरोबर मध्यात भोक पाडता येईल, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्याकडे हे अंतर सात इंच भरलं की झालं.

कागदपत्रं गहाळ असली तरी बोल्ट साक्ष देतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्रजी आट्यांना ५५ अंशांचा कोन ठरवून दिला. अमेरिकी आटे ६० अंशांचे. जाड आट्यांच्या बहुतेक मापांत इंचामागे आट्यांची संख्या दोघांची सारखीच असते, त्यामुळे चुकीचा नटही बरेचदा कुरकुरत चढतो आणि बसवणाऱ्याला आपण जिंकलो असं वाटतं. अर्ध्या इंचाचा बोल्ट मात्र पकडून देतो: व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे, अमेरिकी मापात १३. तेव्हा आधी अर्ध्या इंचाचा बोल्ट शोधा आणि त्याला पिच गेज लावा. विलायती निघाला तर पान्ह्याच्या बाबतीतही सावध राहा. व्हिटवर्थच्या पान्ह्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. "अर्धा" लिहिलेला पान्हा हातात घेऊन तो अर्ध्या इंचापेक्षा एवढा मोठा कसा, या विचारात घालवलेली दुपार परत मिळत नाही.

पायरी तिसरी: धुण्याआधी बघा

स्वच्छतेची हौस असलेल्यांसाठी ही पायरी कठीण आहे. काळ्या, सुकलेल्या ग्रीसचा थर म्हणजे पुरावा. तो पुसण्याआधी प्रत्येक बाजूनं फोटो काढावेत.

आता वाचन. चकाकणारी जागा म्हणजे इथे काहीतरी घासत होतं. एकाच बाजूनं चकाकत असेल तर जोर एकाच दिशेनं येत होता. मूळ रंग शाबूत असेल तर त्या जागेला कोणी शिवलेलं नाही. खांबावर गंजाची पट्टी अचानक थांबून स्वच्छ गोल पट्टा दिसला, तर तिथे वर्षानुवर्षं एखादी कडी बसलेली होती आणि ती आता नाही. ती पोत्यात आहे का बघा. नसेल तर वखारीत परत जा आणि किलोच्या भावानं ती कडी विकत घ्या.

कुठेच झीज नसलेला भाग हाती आला तर तो निरुपयोगी समजून फेकू नये. तो एकतर यंत्राचा नाहीच, नाहीतर संकटाच्या वेळेसाठी राखून ठेवलेला आहे. या दोघांतला फरक पुढे येईल.

पायरी चौथी: एकेक भाग

जुळ्या पुल्या. उंटपाठीच्या तळाशी एकाच शाफ्टवर सारख्या मापाच्या दोन पुल्या शेजारी शेजारी दिसतात. यातली एक जादा आहे, असं म्हणून काढून ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. दोन्ही हातानं फिरवून बघा. एक शाफ्टला पक्की आहे, दुसरी शाफ्टवर मोकळी फिरते. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की यंत्र थांबतं, पक्कीवर सरकवला की चालतं. छताखालचा शाफ्ट तर दिवसभर फिरतच राहायचा. एका यंत्रासाठी तो कोण थांबवणार? म्हणजे त्या काळचं हे बटण. पोत्यात दोन बोटांचा लोखंडी काटा असेल तर तोच पट्टा सरकवण्याचा काटा. त्याची दोन्ही बोटं आतल्या बाजूनं पट्ट्यानं घासून गुळगुळीत झालेली असतील. मोकळ्या पुलीच्या मध्यात तेलाचं एक छिद्र शोधा. यंत्र विश्रांती घेत असताना पट्ट्याचा सगळा ताण घेऊन फिरत राहणारी ही बिचारी एकटीच, म्हणून तिचं भोक सगळ्यांत आधी झिजतं.

गोल डबी, जिच्यावर दोन नट आहेत. हे वाचताना उजवा हात पाठीमागे बांधून ठेवावा. बेंच ड्रिलच्या डोक्याला, दांड्याच्या विरुद्ध बाजूला, ही चपटी डबी असते. कडेला खाचा, मध्यात एकावर एक दोन नट. आत पट्टीच्या पोलादाची गुंडाळलेली स्प्रिंग असते आणि ती ताणलेली असते. भोक पाडून झाल्यावर स्पिंडल आपोआप वर जातं ते हिच्यामुळे. नट पूर्ण काढून डबी उघडली, तर स्प्रिंग एका क्षणात उलगडते आणि बोटांची चौकशी नंतर करते. ताण कमीजास्त करायचा असेल तर हातमोजा घालून डबी घट्ट धरा, नट जेमतेम सैल करा, डबी खाचेतून सुटेल एवढीच पुढे घ्या, एक खाच फिरवा, पुन्हा बसवा. कुठल्या दिशेला फिरवायची ते डबीच सांगते: ती ज्या बाजूला हात ओढते त्याच्या उलट फिरवली की ताण वाढतो. याहून जास्त काही करायचं असेल तर जाणत्या माणसाला बोलवा आणि त्याच्या मागे उभे राहा.

उंटपाठीत बहुधा स्प्रिंगच्या जागी साखळी आणि वजन असतं. काही यंत्रांत वजन पोकळ खांबाच्या आत लटकतं. पोत्यात आखूड साखळी सापडली आणि तुमचं स्पिंडल हात सोडताच खाली आपटत असेल, तर दोन्ही गोष्टींचा संबंध जोडायला वही लागत नाही.

आरपार लांबट खाच. स्पिंडलच्या खालच्या टोकाशी ही खाच बघून लोक "क्रॅक गेलाय" म्हणतात. काही जण तीत तेल सोडतात. ती टेपर काढायची वाट आहे. जाड ड्रिलची मागची दांडी निमुळती असते आणि स्पिंडलच्या तशाच निमुळत्या पोटात नुसत्या घर्षणानं घट्ट बसते. हे मोर्स टेपर. स्टीफन मोर्स या अमेरिकी माणसानं १८६३ साली पिळाच्या ड्रिलचं पेटंट घेतलं, त्याच्याच नावानं हा निमुळतेपणा ओळखला जातो. उतार जेमतेम विसास एक, पण हातानं ओढून ड्रिल निघत नाही. स्पिंडल हातानं फिरवून बाहेरच्या नळीची खाच आणि आतली खाच समोरासमोर आणायची, पलीकडचा उजेड दिसला की त्यातून चपटी पाचर घालायची, टेबलावर लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि हलकेच ठोकायचं. शेजाऱ्यांकडून हातोडी आणायला आत्ता परवानगी आहे. एका बाजूला निमुळती, ठोकून ठोकून डोकं चपटं झालेली ती पट्टी पोत्यात असते. पाचरीची झीज डोक्यावर दिसते, इतर कुठल्याही भागाची तिथे दिसू नये.

मापाबद्दल भांडण होऊ नये म्हणून: टेपरचं रुंद तोंड १७.८ मिलिमीटरच्या आसपास भरलं तर मोर्स २, २३.८ च्या आसपास भरलं तर मोर्स ३. मधलं काही भरलं तर पुन्हा मोजा.

चकच्या वरची कडी. काही जुन्या डेल्टा आणि रॉकवेल मशीनांत चकच्या डोक्यावर एक आटेदार कडी असते. तिचा उपयोग कळत नाही म्हणून लोक तिला पाइप पान्ह्यानं चावतात, मग तिच्या अंगावर दातांचे व्रण राहतात. ती एका दिशेला फिरवली की चक टेपरवर पक्कं धरून ठेवते, उलट फिरवली की ढकलून बाहेर काढते. चकला हातोडीनं खाली पाडायच्या आधी अशी कडी आहे का, हे बघून घ्यावं. आणि मशीन कोणी १९०० सालचं म्हणून विकलं असेल, पण चक दातेरी चावीचं असेल, तर एवढं लक्षात घ्या की आर्थर जेकब्ज यांना त्या चकचं पेटंट १९०२ साली मिळालं. एकतर चक नंतर बसवलंय, नाहीतर साल आधी सरकवलंय.

खांबावरची कडी. डोक्याच्या खाली, खांबाला आवळलेली, काहीही न करणारी. झीज नाही. हलत नाही. दिसायला ओबडधोबड. ही काढून टाकणारे पुष्कळ आहेत, पण ती संकटाच्या वेळची आहे. मशीनचं डोकं खांबावर नुसत्या पकडीनं उभं असतं. मोटरसकट त्याचं वजन एका माणसाला सहज उचलता येत नाही. पकडीचा बोल्ट सैल केला, की ते सरळ खाली, तुमच्या हातांच्या दिशेनं येतं. ही कडी ते अडवते. आयुष्यभर काहीच न करता उभं राहणं हेच तिचं काम, आणि तिला तिच्या जागी परत आवळल्याशिवाय डोक्याला हात लावायचा नाही.

दात एकाच बाजूनं झिजलेलं चाक. हा या पुस्तिकेतला सगळ्यांत समाधान देणारा प्रसंग, म्हणून सावकाश वाचावा. पोस्ट ड्रिलच्या माथ्यावर करवती दातांचं एक चाक असतं आणि त्याच्या मध्यातून स्क्रू खाली उतरतो. मालक सांगतात, भोक पाडताना एका हातानं दांडा फिरवायचा आणि दुसऱ्या हातानं हे चाक. पण दात जवळून बघा. प्रत्येक दाताची एकच बाजू चकाकते, दुसरी काळी आहे. बोटांनी फिरवलेल्या चाकाला अशी झीज येत नाही. कोणीतरी लोखंडी, हट्टी, एका वेळी एकच दात पुढे ढकलणारं तिथे होतं. आता दांड्याच्या शाफ्टकडे या. त्यावर एक जागा गोल नाही, एका बाजूला फुगीर आहे, आणि फुगवट्याचा माथा आरशासारखा झाला आहे. म्हणजे शाफ्ट एकदा फिरला की हा फुगवटा काहीतरी एकदा ढकलायचा. दोन चकाकत्या जागांच्या मध्ये रिकामी जागा आहे, आणि त्या जागेत एका टोकाला रोलर आणि दुसऱ्या टोकाला पंजा असलेली एक काडी बसायला हवी. प्रत्येक फेऱ्याला पंजा दाताला पुढे ढकलायचा आणि ड्रिल आपोआप लोखंडात उतरायचं. लोहाराचे दोन्ही हात दांड्याला मोकळे. ती काडी पोत्यात तळाशी सापडेल. न सापडली तरी आता तिची लांबी, आकार आणि वाकण तुम्हाला माहीत झालेलं आहे; कुठल्याही फिटरला सांगून बनवून घेता येईल. हरवलेला भाग न बघता ओळखणं, ही या अभ्यासक्रमाची पदविका.

पत्र्याचे पातळ तुकडे. जुन्या बेअरिंगचा वरचा अर्धा भाग उघडला की पितळी पत्र्याचे किंवा जाड कागदाचे पातळ तुकडे निघतात. ते कचरा समजून केराच्या टोपलीत जातात आणि त्याच संध्याकाळी शाफ्ट जाम होतो. अशा बेअरिंगमध्ये आत पांढरा मऊ धातू ओतलेला असतो. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली पेटंट घेतल्यापासून तो त्यांच्याच नावानं चालतो. धातू झिजून शाफ्ट ढिला पडला की एकेक पातळ तुकडा कमी करायचा, वरचा भाग तेवढा खाली बसतो. म्हणजे हे तुकडे हा बेअरिंगच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब आहे. डावीकडचे किती, उजवीकडचे किती, वहीत लिहून ठेवावं.

दांड्याच्या मुठीतली खीळ. दांडा आणि शाफ्ट यांना एका आडव्या पिनेनं जोडलेलं असतं. ती काढायला मारमार मारतात, आणि जितकं मारावं तितकी ती घट्ट होते. कारण ती निमुळती असते. इंचाच्या मापात अठ्ठेचाळीसास एक, मिलिमीटरच्या मापात पन्नासास एक, म्हणजे डोळ्याला कळणार नाही इतकीच. दोन्ही टोकं घासून स्वच्छ करा, भिंगाखाली मोजा, लहान टोक शोधा, आणि घाव फक्त तिकडून घाला. मोठ्या टोकावर मारणारा आयुष्यभर मारत राहतो.

टेबल. कडेची नाली आणि कोपऱ्यातलं भोक ड्रिलवर सोडलेलं कूलंट वाहून जाण्यासाठी. मध्यातलं गोल भोक ड्रिल आरपार जाण्यासाठी. त्याच्या आजूबाजूला कमानीत पसरलेली बाकीची सगळी अर्धवट भोकं कुठल्याही कारखान्यानं पाडलेली नाहीत. ती आधीच्या चालकांची सही आहे. ती मोजून आधीचा मालक किती घाईत असायचा याचा अंदाज बांधता येतो.

यंत्राचे नसलेले भाग. पोत्यात चिमट्याच्या आकाराचं एखादं जू सापडेल, ज्याच्या आतल्या कडेला लाकडाच्या भुश्यासारखं काही चिकटलंय. ते सुताराचं जोडकाम असू शकतं. पोकळ चौकोनी पटाशी लावून ड्रिल मशीनवरच लाकडात चौकोनी भोक पाडता येतं. पोत्यातली बिजागरी, सायकलची पेडल पिन आणि नळाची चावी यांचा मात्र कशाशीही संबंध नाही. त्यांच्यावरची झीज तुमच्या यंत्रात कुठेच जुळत नाही, हा त्याचा पुरावा. तरीही आठवडाभर जपून ठेवा. आधीच्या मालकानं बिजागरीनं काय काय दुरुस्त केलंय, हे सांगता येत नाही.

पायरी पाचवी: सल्लागार

मशीन दारात उभं राहिलं की सल्लागार जमतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्यातला सर्वांत मोठा वर्ग. यांना प्रत्येक भागाचं नाव येतं. त्यांना चहा द्यावा, पान्हा देऊ नये. दुसरा वर्ग आयटीआय झालेल्या भाच्याचा. त्याला मायक्रोमीटर येतो, पण सपाट पट्टा त्यानं पाहिलेला नाही. तो जे मोजेल ते लिहून घ्यावं, जे सांगेल ते लिहू नये.

तिसरा वर्ग दुर्मीळ: निवृत्त फिटर. ओळखायची खूण अशी की तो आल्याबरोबर काही बोलत नाही. तुम्ही विचारता, "काका, हे काय असेल हो?" तो म्हणतो, "असू दे. आधी हातानं फिरव बघू." मग भाग हातात घेऊन त्याच्यावरून अंगठा फिरवतो, झिजलेल्या कडेशी थांबतो, आणि मशीनवर त्या कडेला जोड असलेली जागा शोधायला लागतो. नाव त्याला बहुतेक माहीत असतं, पण ते शेवटी सांगतो. सल्लागार नेमका कुठल्या वर्गातला हे ठरवायला एक प्रश्न पुरतो: "हा भाग काढून टाकला तर काय होईल?" जो "काही नाही" म्हणतो, त्याला पोत्याजवळ फिरकू देऊ नये.

पायरी सहावी: मोटर

मशीन अमेरिकी आणि मोटर मूळचीच असेल, तर पट्टी वाचल्याशिवाय प्लगला हात लावू नका. ११५ व्होल्टची मोटर आपल्या २३० व्होल्टवर एकदाच चालते. दोन्ही व्होल्टेजना जोडता येणारी मोटर असली तरी गोम फ्रिक्वेन्सीत आहे. तिकडची वीज ६० सायकलची, आपली ५०. पट्टीवर मिनिटाला १७२५ फेरे लिहिलेली इंडक्शन मोटर आपल्याकडे १४४० च्या आसपासच फिरते, आणि तापते जास्त. म्हणून पुलीच्या झाकणात चिकटवलेल्या वेगाच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा सहाव्या हिश्शानं कमी करून वाचावा. बहुतेक सुज्ञ लोक मोटर बदलतात आणि जुनी मोटर शोभेला ठेवतात.

पायरी सातवी: जोडणी

सगळे भाग ओळखून झाले, आता रंगाच्या थराखाली बुजलेली तेलाची छिद्रं शोधा. रंगाऱ्याला तेलाचं छिद्र दिसत नाही, हा सर्व देशांतला नियम आहे. बारीक तारेनं छिद्र मोकळं करा, तेल सोडा, स्पिंडल हातानं फिरवा. स्पिंडलच्या वरच्या टोकाला लांब खाचा असतात. स्पिंडल खालीवर सरकतं पण पुली जागेवरच राहते, ते या खाचांमुळे. रिकामं चालताना मशीन खडखडत असेल तर बहुधा याच खाचा झिजल्या आहेत. भोक पाडताना जोर आला की आवाज थांबतो, म्हणून मालक सांगतात की मशीन "कामात अगदी शांत" आहे.

जोडल्यावर एखादा भाग हातात उरेल. उरलेला भाग घेऊन पुन्हा पायरी तिसरीवर जा. त्याच्या चकाकत्या कडेला जोड असलेली जागा मशीनवर सापडत नसेल तर तो खरंच उरलेला आहे. सापडली, तर मशीन उघडा.

स्वाध्याय

प्रश्न १. सौम्य पोलादात १२ मिलिमीटरचं भोक कितीच्या वेगानं पाडाल?
उत्तर: साधारण २५ मीटर प्रति मिनिट कापण्याचा वेग धरला तर मिनिटाला ६६० फेऱ्यांच्या आसपास. ज्यांनी "सगळ्यात वरच्या पट्ट्यावर" असं उत्तर दिलं, त्यांच्या ड्रिलची धार निळी पडलेली असेल.

प्रश्न २. चकच्या चावीच्या टोकाला स्प्रिंग आहे. ती बिघाड आहे का?
उत्तर: नाही. हात सोडला की चावी चकमधून बाहेर पडावी म्हणून ती बसवलेली आहे. ज्यांच्या चावीला स्प्रिंग नाही, त्यांनी मोटर सुरू करण्याआधी चावी कुठे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. फिरणाऱ्या चकमधली चावी कोणाच्या दिशेनं सुटेल, ते ती आधी सांगत नाही.

प्रश्न ३. पत्र्याचा तुकडा हातात धरून भोक पाडता येतं का?
उत्तर: एकदा. ड्रिल पलीकडे निघताना पत्र्यात अडकतं आणि पत्रा त्याच्यासोबत फिरायला लागतो. तुकडा वाईसमध्ये किंवा क्लॅम्पनं टेबलाला आवळावा. या प्रश्नात चूक करणारा बाकीचे सगळे भाग ओळखूनही नापास.

प्रश्न ४. आधीच्या मालकाच्या खुणा वाचून झाल्या. आता पुढे काय?
उत्तर: आता तुमच्या पडायला लागतील. वीस वर्षांनी हे मशीन कोणीतरी किलोच्या भावानं नेईल आणि भिंग घेऊन टेबल तपासेल. कमानीतलं प्रत्येक नवं अर्धवट भोक तो तुमच्या नावावर मांडणार आहे. तेव्हा पहिलं भोक पाडण्याआधी तुकड्याखाली लाकडाची फळी ठेवा.